‘बॅन’ची बंदी झाली तेव्हा

“साहेब, माझ्या आजी-आजोबांच्या लग्नावर बंदी आली होती का हो?” टेबलापलीकडून त्या बाईंनी विचारलं आणि भाषांतराची प्रत माझ्यापुढे सरकवली. एका ओळीखाली त्यांनी बोट दाबून धरलं होतं: ‘सदर विवाहास सलग तीन रविवारी बंदी जाहीर करण्यात आली.’ खाली आमचा गोल शिक्का आणि तपासनीस म्हणून माझी सही.

मूळ कागद काढला. चर्चच्या विवाह नोंदवहीतला जुना इंग्रजी उतारा, आणि त्यात शब्द ‘बॅन्स’. भाषांतर नव्यानं लागलेल्या मुलाचं होतं, पण सही माझी होती. ‘बॅन’ म्हणजे बंदी हे त्याला जितकं पाठ, तितकंच मलाही, म्हणून त्या ओळीवर माझी नजर अडलीच नाही.

खरा अर्थ अगदी उलटा. लग्नाआधी तीन रविवारी वधूवरांची नावं चर्चमध्ये सर्वांसमक्ष पुकारायची, कुणाची हरकत असेल तर त्यानं पुढे यावं, अशी ही रीत. असं आधी पुकारणं १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनं, म्हणजे पाश्चात्त्य ख्रिस्ती चर्चच्या मोठ्या सभेनं, सगळीकडे लागू केलं. त्या पुकाऱ्याला बॅन्स म्हणतात. म्हणजे लग्न चोरून नव्हे, चारचौघांत सांगून ठरलं होतं, हेच तो कागद सांगत होता.

हे ऐकून बाई खुर्चीत मागे टेकल्या. “तीन रात्री डोळ्याला डोळा नाही,” एवढंच म्हणाल्या. मी त्यांची माफी मागितली. चूक एका शब्दाची होती, पण त्यांच्या घरातल्या दोन माणसांच्या नावाला तिनं डाग लावला होता.

मुलाला बोलावून कोश उघडला. ‘बॅन’चं मूळ जुन्या जर्मानिक भाषांत सापडतं आणि तिथं अर्थ आहे जाहीरपणे सांगणं, हुकूम देणं. जे पुकारून मना केलं त्यालाही तोच शब्द लागू लागला आणि पुढे पुकारणं गळून मनाईच उरली. ‘बँडिट’ हा इटालियनमधून आलेला शब्द याच कुळातला: हद्दपार म्हणून जाहीर झालेला माणूस.

“पण सर, बॅन आणि बंदी एकच वाटतात ना?” त्यानं विचारलं. वाटतातच, आणि घोळ तिथंच होतो. आपली ‘बंदी’ फारसीतून आली, तिचं नातं ‘बांधणे’शी. ‘बॅन’चं नातं मात्र संस्कृत ‘भणति’शी, म्हणजे बोलण्याशी लावतात, आणि त्याच ‘भणति’पासून आपलं ‘म्हणणे’ आलं. म्हणजे ‘बॅन’ हा ‘म्हणणे’चा दूरचा भाऊ! इतकी वर्षं ही कामं करूनही मी हे कधी शोधलं नव्हतं.

मग बाकीचे शब्दही निघाले. ‘प्रोक्लमेशन’च्या पोटात लॅटिनमधलं ओरडणं आहे, ‘एडिक्ट’च्या पोटात नुसतं बोलणं. ‘गॅझेट’ व्हेनिसच्या एका किरकोळ नाण्यावरून आला असं बहुतेक मानतात; बातमीपत्राची किंमत तेवढी होती. ‘मॅनिफेस्टो’ म्हणजे उघड केलेलं, आणि आपल्या ‘जाहीरनामा’तल्या अरबी ‘जाहीर’चाही अर्थ तोच. हे भाषांतर ज्यानं पहिल्यांदा केलं त्याला माझा नमस्कार. ‘बुलेटिन’ मात्र लॅटिन ‘बुल्ला’पासून: आधी बुडबुडा, मग गोल शिशाचा शिक्का, मग शिक्का लावलेला कागद.

दुरुस्त ओळ लिहिली: ‘वधूवरांच्या विवाहाची घोषणा सलग तीन रविवारी जाहीरपणे करण्यात आली.’ जुन्या प्रतीवर लाल शाईनं ‘रद्द’ लिहून ती फाइलला लावली. नव्या प्रतीवर शिक्का मारला. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली, मगच घडी घातली.

संध्याकाळी तो मुलगा पुढची फाइल घेऊन आला. दुसऱ्याच परिच्छेदात ‘सँक्शन’ होता. मंजुरीही तोच, निर्बंधही तोच. त्यानं पेन खाली ठेवलं, आणि आम्ही दोघांनी आधी सगळं पत्र वाचलं.