तुम्ही विचारलंत म्हणून: त्वचा तेलकट की कोरडी, हे घरी कसं ओळखायचं?

"माझी त्वचा तेलकट की कोरडी? आणि मग मॉइश्चरायझर कुठलं घेऊ?" हा प्रश्न सतत येतो. त्याचा पहिला भाग घरच्या घरी, बिनखर्चात सुटतो. बहुतेकांचं चुकतं ते वेळेत. अंघोळ झाल्या झाल्या पाहिलं की चेहरा कोरडा वाटतो आणि संध्याकाळी लोकलमधून उतरून पाहिलं की तेलकट. दोन्ही वेळा दिसते ती त्या वेळची अवस्था.

आदल्या रात्री चेहऱ्याला काही लावू नका. सकाळी सौम्य, कमी फेसाच्या फेसवॉशने आणि साध्या किंवा कोमट पाण्याने तोंड धुवा. अंगाचा साबण नको. त्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा) ९ ते १० असतो, तर त्वचेचा साधारण ५, म्हणून साबणानंतर चेहरा कुणाचाही ओढल्यासारखा होतो. पाणी टॉवेलने टिपा, घासू नका. मग तासभर काहीही न लावता थांबा. एसी, पंख्याचा थेट झोत, स्वयंपाकाची शेगडी आणि व्यायाम एवढं टाळा. तासाभराने टिश्यू पेपरचे चार तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि गालावर प्रत्येकी १० सेकंद दाबून धरा.

मुंबई-कोकणात घामामुळे फसगत होते. तुकडे पाच-दहा मिनिटं तसेच ठेवा आणि मग उजेडासमोर धरा. घामाचा डाग वाळून जातो, तेलाचा पारदर्शक डाग राहतो.

चारही तुकड्यांवर डाग असेल तर त्वचा तेलकट. कपाळ, नाक, हनुवटीवर आहे पण गालावर नाही, तर मिश्र. कुठेच डाग नाही आणि चेहरा ताणलेला, खरखरीत लागतो, तर कोरडी. डाग नाही आणि ताणही नाही, तर सामान्य.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टिश्यूवर डाग असूनही गाल ओढतात तेव्हा. तेल आणि पाणी या त्वचेतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल किती सुटणार हे मुख्यतः अनुवंश आणि हार्मोन ठरवतात. वरच्या थरात पाणी किती टिकणार हे हवा आणि तुम्ही काय लावता यावर बरंच अवलंबून असतं. अशी माणसं चेहरा तेलकट म्हणून दिवसातून चार-पाचदा धुतात, स्क्रब करतात, मुलतानी माती आणि लिंबू लावतात. तेलग्रंथी त्याने थांबत नाहीत. वरचा थर मात्र झिजतो, आणि मग साधं क्रीमसुद्धा झोंबू लागतं. हे सगळं बंद करून फक्त दोनदा तोंड धुणं आणि ग्लिसरीन असलेलं हलकं जेल मॉइश्चरायझर, एवढंच महिनाभर करा. त्यानंतर पुन्हा चाचणी घ्या.

गोरेपणासाठी दुकानातून आणलेलं क्रीम बरेच दिवस लावत असाल, तर आधी ट्यूबवरची नावं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडं आहेत. तसं क्रीम असेल तर ही चाचणी निरुपयोगी ठरते. ते एकदम बंद केल्यावर चेहरा लाल होऊन भडकू शकतो, म्हणून थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

आता खरेदी. तेलकट त्वचेला जेल आणि ४-५ टक्के नायसिनामाइड (बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) चालतं. मुरमं असतील तर २ टक्के सॅलिसिलिक आम्ल, सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन रात्रीच. कोरड्या त्वचेला सेरामाइड (त्वचेत मुळातच असलेला, ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध घटक) आणि ग्लिसरीनचं घट्ट क्रीम, तेही तोंड धुतल्यावर त्वचा दमट असतानाच. मिश्र त्वचेसाठी वेगळी महागडी बाटली लागत नाही. सगळीकडे जेल, वर फक्त गालांना क्रीम. खोबरेल तेल अंगाला उत्तम, पण मुरमांच्या चेहऱ्याला नको, ते छिद्रं बुजवू शकतं. सनस्क्रीन सगळ्यांना लागतं: किमान एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो बाटलीवरचा आकडा) ३०, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकं.

नवं काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. खाज, पुरळ, लाली आली तर ते चेहऱ्यावर नकोच. आणि चाचणी ऋतू बदलला की पुन्हा करा: ऑगस्टमध्ये मुंबईत पुरणारं जेल जानेवारीत नाशिकला गालांना पुरेलच असं नाही.