काटकोनाबाहेरची नाव

रावेर-मुक्ताईनगरच्या पट्ट्यातल्या पोरांना पाण्यावर बसायची हुक्की आली, की ती केळीचे तीन-चार खांब बांबूच्या कांब्यांनी एकमेकांत टोचून तराफा करतात. घड उतरवल्यावर खांब बांधावर पडून कुजणारच असतो, त्यामुळे या जहाजबांधणीला पैशाचा खर्च येत नाही. मात्र खांब पाणी पितो, मऊ पडतो आणि थोड्याच दिवसांत तराफा बसणाऱ्याला घेऊन खाली जाऊ लागतो. भोई मंडळींजवळ नावा असतात, पण त्या त्यांच्या पोटापाण्याच्या. केळी आणि कापूस पिकवणाऱ्या माणसाने केवळ हौसेखातर लाकडाची नाव बांधायला घ्यावी, हा या भागात विक्षिप्तपणा समजला जातो, आणि मी तो करतो आहे हे कळल्यावर घरच्यांनीही तो तसाच समजला.

सपाट तळाची नाव निवडण्यामागे आमच्याकडचे पाणी हे पहिले कारण होते. मुलताईहून निघालेली तापी समुद्र गाठेपर्यंत ७२४ किलोमीटर चालते, पण चांगदेवजवळ पूर्णेला सोबत घेतल्यानंतर हतनूर धरणाच्या फुगवट्यात तिचे चालणे जवळपास थांबते. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ येथे बसतो आणि काठाशी पाणी दूरवर उथळ राहते. खोल, निमुळत्या तळाची नाव अशा ठिकाणी गाळात रुतून बसेल. सपाट तळ मात्र पाण्यावर पसरतो, आणि तो किती बुडेल याचा हिशेब पाचवीतल्या मुलालाही करता येतो. एक चौरस फूट तळ एक इंच बुडाला, की सुमारे २.४ किलो पाणी बाजूला सरते आणि तेवढेच वजन उचलले जाते. पाण्याला टेकणारा तळ २० चौरस फूट धरला, तर दर इंचाला जवळजवळ ४७ किलो होतात. नावेचे ६० किलो आणि दोन माणसांचे १३० किलो मिळून नाव चार इंच बुडते. बाजू चौदा इंच उंच असल्या, तर दहा इंच वर उरतात. चार इंच पाणी म्हणजे आमच्या केळीच्या बागेत पाटाला असते तेवढेच.

लाकडासाठी फार हिंडावे लागले नाही. गावोगावची धाब्याची घरे आता पाडली जात आहेत आणि त्यांच्या सागवानी तुळया स्लॅबच्या नव्या घरांसमोर कित्येक महिने पडून असतात. अशा तुळईइतके मुरलेले लाकूड आज वखारीत मागून मिळणार नाही. फक्त तिच्यात खिळ्यांची भोके असतात, खुंट्यांचे घाव असतात आणि सलग निर्दोष लांबी क्वचित निघते. पण सपाट तळाच्या नावेत तळाच्या फळ्या लांबीच्या दिशेने न घालता आडव्या घालता येतात, आणि आडवी फळी जेमतेम तीन फुटांची लागते. त्यामुळे आरा मशीनवर तुळई चिरून घेतल्यावर भोकांचे भाग टाळूनही तळ पुरा झाला. बाजूंसाठी मात्र प्लायवूड घेतले. दुकानदार कोणत्याही प्लायला बिनदिक्कत ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो, म्हणून ७१० क्रमांकाचा भारतीय मानकाचा शिक्का स्वतः शोधून पाहावा. त्या प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवल्यावरही त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी त्यामागची कसोटी आहे. हौशी माणसाच्या हाती नाव आली ती मुख्यत्वे या प्लायमुळे. ब्रिटनमध्ये १९६२ साली बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांनी ‘मिरर’ नावाची छोटी शिडाची नाव आखली. तिच्या प्लायच्या पाट्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांधा काचतंतूच्या पट्टीने बुजवायचा. घराघरांतून अशा हजारो नावा उभ्या राहिल्या. माझा ओढा मात्र शिवणीपेक्षा सुतारकामाकडे होता, कारण आमच्याकडे नाना होते.

नाना मूळचे अमळनेरकडचे. त्यांचे सारे आयुष्य बैलगाड्या, तिफणी आणि दारांच्या चौकटी करण्यात गेले. काम अंगणात मांडले तेव्हा त्यांनी तळाच्या चिरलेल्या फळ्या एकदा पाहिल्या, माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, हाई ते पलंग शे, नाव नही.” त्यांची खरी अडचण पुढे आली. सुताराचा गुण्या काटकोन दाखवतो आणि नावेत काटकोन जवळजवळ नसतोच. मधली चौकट खाली तीन फूट आणि वर पावणेचार फूट रुंद, म्हणजे बाजू बाहेरच्या अंगाला कललेल्या. पुढची नाळ तिरकी, मागची फळी तिरकी. नानांनी चौकट तीनदा गुण्याला लावून पाहिली आणि शेवटी गुण्या पिशवीत घालून ठेवला.

या कलत्या बाजूंमध्येच अशा नावेची सगळी युक्ती आहे. प्लायची पट्टी दोन्ही कडांनी अगदी सरळ कापायची. तिच्यावर एकही वक्र रेघ आखायची नाही. मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मधल्या कलत्या चौकटीला स्क्रूने धरायच्या, पुढच्या आणि मागच्या टोकांना दोरीचा वेढा द्यायचा आणि त्या दोरीत काठी घालून पीळ देत टोके जवळ आणायची. पट्ट्या वाकतात, हे कोणीही सांगेल. परंतु बाजू बाहेर कललेल्या असल्यामुळे, टोके आत येताना थोडी वरही उचलली जातात आणि सरळ कापलेल्या कडेला आपोआप बाक येतो. वरच्या काठाला नावेचा तो ओळखीचा झोक मिळतो आणि खालून तळ लांबीच्या दिशेने मधे खोल व टोकांना उचललेला होतो. बाजू काटकोनात उभ्या ठेवल्या असत्या, तर टोके फक्त आत आली असती आणि हाती लाकडाची पेटी पडली असती. नानांनी काठीला शेवटचे दोन पीळ दिले, चार पावले मागे गेले, गुडघ्यावर बसून काठाची रेघ डोळ्यांनी मापली आणि पलंगाचे नाव पुन्हा काढले नाही. कागदावर एवढा बाक आखायचा तर मला आठवडा लागला असता आणि तो बिघडलाही असता; येथे ते काम लाकडाने स्वतः केले होते. साधी नाव सोपी असते ती या अर्थाने, की तिच्यातला अवघड भाग बांधणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

त्यानंतरची कामे कंटाळवाणी, पण चोख करण्याची. बाजू आणि तळ जिथे भेटतात तिथे आतून सलग लाकडी पट्टी, तिच्यावर तळाच्या फळ्या, आणि प्रत्येक फळीला पितळी स्क्रू. चौकटींसाठी नानांनी गाडीच्या कामातली शिल्लक बाभूळ काढली. बाभळीत टॅनिन असल्याने ओल्या लोखंडाशी ती काळी पडते, म्हणून तिथेही पितळच वापरले. फळ्या एकमेकींना घट्ट भिडवायच्या नाहीत, कारण भिजल्यावर त्या फुगतात आणि जागा न मिळाल्यास तळ वर उचलतात. मधे बारीक फट ठेवून तिच्यात कापसाची वात बोथट पटाशीने ठोकून बसवायची आणि वरून जवसाच्या तेलात मळलेली खडूची लुकण भरायची. जगभरच्या लहान नावांच्या सांध्यांत कापूस भरला जातो. आमच्याकडे तो घरात गादीखालीही सापडतो, आणि जवसही परका नाही. एवढ्यापुरती तरी ही नाव अस्सल खानदेशी म्हणायला हरकत नाही.

सपाट तळाचे दोषही सांगितले पाहिजेत. वारा सुटला की लाटा तळावर थापा मारतात. वल्हवताना नाव सरळ जाण्याऐवजी फिरू पाहते, म्हणून मागच्या टोकाशी तळाखाली एक उभी पट्टी लावावी लागते. अशी नाव सुरुवातीला पलंगासारखीच निश्चल वाटते (नानांचे म्हणणे येथे खरे ठरते), पण एका मर्यादेपलीकडे कलली की पूर्वसूचना न देता उलटते. म्हणून बसण्याच्या फळ्यांखाली थर्माकोल बांधलेले आहे आणि जॅकेट घातल्याशिवाय कोणालाही चढू दिले जात नाही. पावसाळ्यात तर तिचे नावच काढायचे नाही. हतनूरचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा हेच निवांत पाणी ओढीचे होते, आणि त्या ओढीला आमच्या चौदा इंची बाजू पुरणार नाहीत. नाव वापरायची ती हिवाळ्यात, जेव्हा परदेशी बदके उतरलेली असतात आणि बांबूची काठी गाळात रोवून आवाज न करता काठाकाठाने सरकता येते.

तरीही नावेचा खरा वैरी पाणी नसून आमचा उन्हाळा आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा अंगणात पालथ्या ठेवलेल्या नावेच्या फळ्या आकसतात, वाती सैल होतात आणि फटींतून पलीकडचा उजेड दिसू लागतो. मी नवी लुकण मळायला घेतली, तेव्हा नानांनी हात धरला. उन्हाने आरे खिळखिळे झालेले गाडीचे चाक सुतार पाण्यात बुडवून ठेवतो आणि फुगलेले लाकूड सांधे पुन्हा आवळते. नावेला वेगळा न्याय कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. तेव्हापासून हंगामाच्या सुरुवातीला आम्ही नाव काठालगतच्या गुडघाभर पाण्यात नेतो, आत दगड ठेवतो आणि ती भरू देतो. तळ आवळेपर्यंत ती तशीच पाण्याखाली बसून असते, आणि त्या मुदतीत रस्त्याने जाणारा कोणी ना कोणी भला माणूस आमची नाव बुडाल्याचे कळवायला धावत घरी येतो.