बारा अंश

काल रात्री गॅरेजमध्ये माझी जुनी फोर्ड मस्टँग गाडी पुन्हा सुरू केली. 1967 ची, 289 क्यूबिक इंचांचं व्ही-8 इंजिन. मिशिगनच्या थंडीत बोटं बधिर झाली होती, तरी हातातलं काम सुटत नव्हतं.

मागच्या महिन्यात हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा दोन बॅरलचा, म्हणजे दोन तोंडांचा, कार्बोरेटर काढून खालच्या मॅनिफोल्डसकट (मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांसकट) चार बॅरलचा, मिनिटाला 600 घनफूट हवा (सीएफएम) घेणारा बसवला. जोर वाढेल असं वाटलं, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी गचके खायची. मी कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं, बदलत बसलो, दोन रविवार गेले. कोल्हापूरला बाबांना फोनवर आवाज ऐकवला. त्यांनी तीस वर्षं ट्रकची इंजिनं उघडली आहेत. म्हणाले, "कार्बोरेटर राहू दे बाजूला. आधी टायमिंग बघ." म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते.

व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी (इंजिनातल्या निर्वातामुळे ठिणगी आणखी आधी पाडणारी) काढून तिचं तोंड बंद केलं आणि ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट लावला. पिस्टन अगदी वर पोचायच्या जेमतेम 4 अंश आधी ठिणगी पडत होती. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो केसभर घड्याळाच्या दिशेने फिरवला, 12 वर आणला. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर (आरपीएम) एकूण 36 अंश. इंजिनाचा आवाजच बदलला! मग इंजिनातला निर्वात मोजणारा व्हॅक्यूम गेज लावून आयडल मिक्स्चरचे, म्हणजे इंजिन नुसतं चालू असतानाचं मिश्रण ठरवणारे, स्क्रू पाव-पाव फेरा फिरवले. काटा पाऱ्याच्या 18 इंचांवर स्थिरावला.

पुढचे ड्रम ब्रेक मात्र मी आधीच काढून डिस्क ब्रेक बसवले होते. थांबता येत नसेल तर जोर वाढवूच नये, या मताचा मी आहे.

बाबांना पुन्हा फोन लावला, मोबाइल बॉनेटवर ठेवला. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत, नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "प्लग काढून रंग बघ उद्या. फिकट तपकिरी हवा."