ओकायामाचा झाइर्यू कार्ड : माझा अनुभव

जपानी माणसाशी लग्न केलं की जपानमध्ये राहायचा हक्क आपसूक मिळतो, असं आमच्या नात्यातल्या बहुतेकांना वाटत होतं. लग्न आणि राहण्याचा परवाना, म्हणजे झाइर्यू कार्ड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवान्याचा निर्णय घेणारा अधिकारी सहसा आपल्याला भेटतही नाही. माझी मुलाखत झाली नाही, कोणाचा फोन आला नाही. कुणीतरी जपानमधल्या ओकायामा शहरात बसून आमचे कागद वाचले आणि आमचा संसार खरा आहे की नाही ते ठरवलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. कागद आपल्या वतीने बोलणार असतील तर त्यांनी नीट बोलायला हवं.

मी पुण्याची. जपानी शिकले आणि चाकणला दुभाषी म्हणून नोकरी केली. नवरा तिथल्याच एका जपानी कंपनीत कामाला आलेला. लग्न पुण्यात केलं, विशेष विवाह कायदा, १९५४ खाली. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस वास्तव्य हवं, नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस हरकतींसाठी थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. विवाह अधिकाऱ्यांनी नवऱ्याकडे तो अविवाहित आणि लग्नाला पात्र असल्याचा दाखला मागितला. हा दाखला मुंबईतल्या जपानच्या वाणिज्य दूतावासातून मिळतो आणि त्यासाठी कोसेकीची ताजी नक्कल लागते. कोसेकी म्हणजे तिथल्या कुटुंबाची सरकारी नोंदवही. जन्म, लग्न, मृत्यू, सगळं त्यात. सासूबाईंनी वॉर्ड ऑफिसातून ती काढून कुरियरने पाठवली. नोटीस द्यायच्या आधीच ही नक्कल मागवून ठेवा, पुढची धावपळ वाचते.

परदेशात लग्न केलेल्या जपानी नागरिकाने तीन महिन्यांच्या आत ते आपल्या सरकारला कळवायचं असतं. दूतावासातही कळवता येतं, पण कागद तिथून जपानला जाऊन नोंद व्हायला वेळ लागतो. थेट गावच्या वॉर्ड ऑफिसात दिलं तर काम लवकर होतं. सासऱ्यांच्या आजारपणामुळे नवऱ्याने पुण्यातली नोकरी सोडून ओकायामात नवी धरली होती. तो पुढे गेला आणि त्यानेच ते दिलं. सोबत विवाह प्रमाणपत्राचं जपानी भाषांतर लागतं. ते अधिकृत भाषांतरकाराकडूनच करून घ्यावं असं काही नाही. कोणीही करू शकतं, फक्त खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव हवं. आमचं मीच केलं.

वॉर्ड ऑफिसातल्या बाईंना माझं नाव वाचून प्रश्न पडला. आपल्याकडे बहुतेकांच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव सलग छापलेलं असतं. जपानमध्ये मधलं नाव हा प्रकारच नाही. हे दुसरं नाव कोणाचं, ते गाळायचं का, असं त्यांनी नवऱ्याला विचारलं. त्याने तिथूनच मला फोन लावला. मी म्हटलं, पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहायला सांग. परदेशी जोडीदाराची स्वतंत्र कोसेकी होत नाही, नवऱ्याच्या नव्या कोसेकीत लग्नाच्या नोंदीखाली नाव येतं. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग माझं आणि बाबांचं नाव, सगळं काताकाना लिपीत. बाबांचं नाव तिथल्या दप्तरात गेलं हे सांगितल्यावर आईला फार बरं वाटलं. काताकानातली अक्षरं एकदा ठरली की पुढे विमा, बँक सगळीकडे तीच वापरलेली बरी, म्हणून मोठ्याने वाचून मगच होकार द्या.

दोघंही जपानी असतील तर नवरा-बायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं. जोडीदार परदेशी असेल तर ते बंधन नाही. मी माझं ठेवलं. ज्यांना लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायचं आहे त्यांनी ते अर्जाच्या आधी तरी करावं, नाहीतर सगळं आटोपल्यावर. अर्ज आत असताना पासपोर्टला हात लावू नये.

खरा अर्ज यानंतरचा. थेट व्हिसा मागण्याआधी जपानमधल्या इमिग्रेशनकडून ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’ घ्यावं लागतं. सगळे त्याला सीओईच म्हणतात. अर्ज जपानमध्ये राहणाऱ्या जवळच्या माणसाने भरायचा. आमच्या बाबतीत नवऱ्याने, हिरोशिमा इमिग्रेशनच्या ओकायामा शाखेत. फी काहीही नाही. माझा ४ सेंमी बाय ३ सेंमी फोटो, माझं विवाह प्रमाणपत्र, लग्नाची नोंद असलेली कोसेकी, नवऱ्याचा ज्यूमिन्ह्यो म्हणजे रहिवासाचा उतारा, त्याचं हमीपत्र, दोघांचे एकत्र फोटो आणि प्रश्नावली. ज्यूमिन्ह्यो काढताना घरातल्या सगळ्यांची नावं असलेला, पण ‘माय नंबर’ (रहिवाशाचा सरकारी ओळख क्रमांक) वगळलेला मागायचा.

आमची अडचण झाली ती उत्पन्नाच्या कागदाची. हमी देणाऱ्याच्या रहिवासी कराचा दाखला लागतो, कर किती लागला आणि किती भरला याचा. हा कर १ जानेवारीला ज्याचा पत्ता जिथे असेल तिथे, आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो. नवरा कित्येक वर्षं पुण्यात. जपानमध्ये त्याच्या नावावर कर शून्य, म्हणून दाखलाही नाही. जोडीदार भारतात नोकरी करत असलेल्या प्रत्येक जोडप्यापुढे हा प्रश्न येणारच, तरी बोलताना तो कोणी काढत नाही. अशा वेळी बदली कागद चालतात. आम्ही नव्या नोकरीचा करार, बँकेच्या पासबुकाच्या प्रती आणि पुण्यातल्या पगाराच्या पावत्या जपानी भाषांतरासह जोडल्या. का जोडतोय याचं एक पानभर पत्रही लिहिलं.

आता प्रश्नावलीबद्दल. जपानीत शित्सुमोन्शो, चांगली आठ पानांची. सही जपानी जोडीदाराची असते, पण भरताना दोघांनी एकत्र बसावं. आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो. पहिली भेट कधी, कुठे, कोणी ओळख करून दिली. तिथपासून लग्नापर्यंतची हकीकत तारखांसह. आपसात कोणत्या भाषेत बोलता, ती कोणी कशी शिकली, शब्द अडला तर काय करता. लग्नाला कोण होतं. एकमेकांच्या देशात कधी गेलात. दोघांचे आईवडील, भावंडं, त्यांची वयं, पत्ते. आणि नातेवाइकांपैकी या लग्नाची कोणाकोणाला कल्पना आहे.

हे प्रश्न वाचून माझी एक मैत्रीण चिडली होती. घरातल्या गोष्टी सरकारला कशाला, असं तिचं म्हणणं. मला तसं वाटलं नाही. कागदोपत्री लग्नं होतात, त्यात माणसं फसवली जातात, बायका जास्त. अशी लग्नं वेगळी काढायची तर विचारावंच लागेल. आणि खरं लग्न असलेल्याला उत्तरं शोधत बसावं लागत नाही, फक्त ती लिहायचा कंटाळा करून चालत नाही. “कामाच्या ठिकाणी ओळख झाली, मग प्रेम जुळलं” एवढ्या एका ओळीने समोरच्याला काय कळणार?

हकीकतीसाठी फॉर्मवरची जागा पुरत नाही, वेगळी पानं जोडता येतात. आम्ही जोडली. पहिल्या मीटिंगमध्ये कारखान्यातली डाय (साचा) बदलण्यावरून झालेला वाद मी दोन्ही बाजूंना समजावून सांगत होते, ते लिहिलं. त्याच्या तापात आई डब्यातून मऊ भात आणि मेतकूट पाठवायची, ते लिहिलं. घरी कळलं तेव्हा बाबा काही दिवस गप्प होते आणि मग त्यांनी स्वतःहून त्याला जेवायला बोलावलं, हेही लिहिलं. भाषेच्या प्रश्नाखाली, आम्ही आपसात जपानीत बोलतो, तो माझ्या आईशी मोडक्या मराठीत बोलतो, असं लिहून माझ्या जेएलपीटीच्या, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेच्या, प्रमाणपत्राची प्रत लावली. सगळं जपानीत, साध्या वाक्यांत, तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी ताडून.

फोटो दोन-तीनच मागतात, चेहरे स्पष्ट दिसणारे. लग्नाचा एक, ओकायामाला सासू-सासऱ्यांसोबतचा एक, आणि एक सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानातला. ते उद्यान पुणे-ओकायामा मैत्रीचं आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. प्रत्येक फोटोमागे तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते लिहिलं. त्या फोटोमागे ही माहितीही लिहिली. अर्ज तपासणारा माणूस ओकायामाचा असेल तर त्याने तो फोटो जरा निरखून पाहावा, असं मला मनापासून वाटत होतं.

निर्णयाला साधारण एक ते तीन महिने लागतात असं इमिग्रेशनच सांगतं. मधे नवऱ्याच्या पत्त्यावर जादा कागद मागणारं पत्र आलं. असं पत्र आलं की अनेकांच्या पोटात गोळा येतो, माझ्याही आला. पण ते नकाराचं नसतं. मुदतीच्या आत नेमकं तेवढंच द्यायचं. त्यांना घर कसं चालणार याचा आणखी पुरावा हवा होता. सासऱ्यांनी स्वतःचं वेगळं हमीपत्र दिलं, त्यांचा कराचा दाखला दिला, आणि घर त्यांच्या मालकीचं असून आम्ही तिथेच राहणार असल्याचं लिहून दिलं. आजारी माणूस, पण सही त्यांनी टेबलाशी ताठ बसून केली, असं सासूबाईंनी सांगितलं.

सीओई आली ती ईमेलने. मार्च २०२३ पासून ती सोय झाली आहे, आधी टपालाने भारतात पाठवावी लागायची. तिची मुदत तीन महिन्यांची, तेवढ्यात जपानमध्ये उतरायचं. व्हिसाचं त्यामानाने सोपं गेलं. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा, शिक्का मुंबईच्या दूतावासाचा. नोकरीचा राजीनामा मी सीओई हातात आल्यावरच दिला आणि इतरांनाही तेच सांगते.

विमान कोणत्या विमानतळावर उतरतं याला महत्त्व आहे. झाइर्यू कार्ड, म्हणजे राहण्याचा परवाना, नारिता, हानेदा, कानसाई अशा ठरावीक विमानतळांवरच लगेच छापून मिळतो. मी कानसाईला उतरले. खिडकीपलीकडच्या तरुणाने कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं आणि सगळं बरोबर आहे का ते बघायला सांगितलं. नाव पासपोर्टप्रमाणे, बाबांच्या नावासह. दर्जा ‘जपानी नागरिकाची जोडीदार’. मुदत एक वर्ष. आणि ‘नोकरीवर बंधन नाही’. ही शेवटची ओळ मी तिथेच पुन्हा वाचली. जोडीदाराच्या परवान्यावर कोणतंही काम करता येतं, वेगळी परवानगी लागत नाही. आल्या आल्या नवऱ्यावर अवलंबून राहावं लागेल ही माझी भीती त्या ओळीने गेली.

राहायला लागल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. कार्डाच्या मागच्या बाजूला ते तो लिहून देतात. त्या नोंदीनंतर माय नंबर टपालाने येतो. आरोग्य विम्यात मी नवऱ्याच्या कंपनीकडून त्याच्यावर अवलंबून म्हणून गेले. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न १३ लाख येनच्या आत लागतं. पुढे मी भाषांतराचं काम धरलं तेव्हा हा हिशेब नव्याने करावा लागला.

पहिला परवाना एक वर्षाचा मिळाला म्हणून नाराज होऊ नये. पहिल्या खेपेला बऱ्याच जणांना तेवढाच मिळतो. मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. तोवर नवऱ्याच्या नावावर कर लागलेला असेल तर ते दाखले जोडता येतात आणि काम पुष्कळ हलकं होतं. आमचं झालं.

एक गोष्ट मात्र भारतात येताना दर वेळी लक्षात ठेवावी लागते. एका वर्षाच्या आत (किंवा परवाना त्याआधी संपत असेल तर त्या तारखेच्या आत) परतायचं असेल तर वेगळा पुनर्प्रवेश परवाना काढावा लागत नाही, पण निघताना विमानतळावर भरायच्या चिठ्ठीवर ‘विशेष पुनर्प्रवेश’च्या चौकटीत खूण करावीच लागते. ती राहिली तर परवाना तिथेच संपल्यात जमा होतो आणि सीओईपासून सगळं पुन्हा. गणपतीला पुण्याला येताना मी खूण करते, शिवाय काउंटरवर पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही पुढे ठेवून तोंडानेही सांगते.