काबने

सहल व्यवस्थापक म्हणून भूतानला माझी ती तिसरी खेप होती आणि ऑक्टोबरच्या सुट्टीत पुण्याकडची सव्वीस मंडळी सोबत होती. राजधानी थिंफूच्या चौकात पांढरे हातमोजे घातलेला पोलीस वाहतूक सांभाळतो, मध्यंतरी बसवलेला सिग्नल लोकांना रुचला नाही म्हणून काढून टाकला, दूरचित्रवाणी या देशात थेट १९९९ मध्ये आली, हे मी बसमध्ये सांगत असे आणि हशा हमखास मिळवत असे.

त्या दिवशी आम्ही थिंफूतल्या ताशिछो झोंगला पोहोचलो. झोंग म्हणजे मठ आणि कचेऱ्या एकत्र असलेली किल्लेवजा वास्तू. राजाचे कार्यालय आणि भिक्षुसंघाचे उन्हाळी निवासस्थान एकाच वास्तूत असल्याने कामाच्या दिवशी पर्यटकांना कचेऱ्या सुटल्यावर, संध्याकाळीच प्रवेश मिळतो आणि वेळ मोजकीच असते. फाटकाजवळ आमचा स्थानिक मार्गदर्शक एकदम थबकला. तो काबने हॉटेलवर विसरला होता. काबने म्हणजे डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे तिरके घ्यायचे लांब वस्त्र. सामान्य नागरिकाचे पांढरे, मंत्र्याचे नारिंगी, राजा आणि प्रमुख धर्मगुरूंचे पिवळे.

"अहो, उपरणं राहिलं म्हणून कुणी आत जायचं थांबतं का?" एक काका वैतागून म्हणाले. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते, कारण ध्वज उतरवण्याचा सोहळा चुकला असता तर बोलणी मलाच बसली असती. पहारेकऱ्याने अडवण्याचा प्रश्नच आला नाही, मार्गदर्शक स्वतःच पुढे पाऊल टाकेना. "कोर्टात वकील काळ्या कोटाशिवाय उभा राहील का?" एवढेच त्याने हिंदीत विचारले. १९६० च्या दशकात तिसऱ्या राजांनी राजधानी पुनाखाहून इथे आणताना हा झोंग नव्याने उभारला, तो राज्यकारभारासाठीच. आम्ही मात्र तो प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत घातला होता.

शेवटी बसचालकाने आसनामागून स्वतःचे काबने काढून दिले. त्यामुळे त्याला आत येता आले नाही, याची जाणीव मला आतल्या दगडी अंगणात, ध्वज खाली येत असताना झाली. त्या शांततेत आमच्या मंडळींपैकी कुणीही बोलले नाही, काकांनी तर न सांगता टोपी काढली.

परतल्यावर मार्गदर्शकाने वस्त्र दोन्ही हातांनी परत दिले. चालकाने ते पुन्हा उलगडले, घडी त्याच्या पद्धतीने नीट घातली आणि मगच गाडी सुरू केली.