दिवाळीआधीचं वाळवण

सशांच्या गवतात मिसळायची पानं वाळवायला दसऱ्याला सुरुवात केली, काल वसुबारसेला पहिली परीक्षा झाली.

घरात कापूस आणि चिंगी हे दोन ससे, शिवाय गिनीपिग गोटी. गेल्या दिवाळीत पहिल्या लडीला कापूस पलंगाखाली शिरला आणि रात्रभर गवताला त्याने तोंड लावलं नाही. सकाळी ट्रेमध्ये एकही लेंडी नव्हती. दहा-बारा तास सशाचं खाणं आणि लेंड्या बंद म्हणजे थेट डॉक्टर. आम्ही धावलो, तो वाचला. ती रात्र अजून अंगावर येते, म्हणून यंदाची तयारी फटाक्यांच्या आधीपासूनच.

पुदिना, कोथिंबीर आणि तुळस घरी वाळवतेय. कॅमोमाइलची (शेवंतीसारखं दिसणारं छोटं पांढरं फूल) सुकी फुलं विकत आणली, अख्खी फुलं, साखर किंवा सुगंध न घातलेली. पुदिन्याची पहिली खेप वाया गेली. परतीच्या पावसात जुडी दोऱ्याने बांधून टांगली होती. वरची पानं कुरकुरीत झाली, पण बांधलेल्या जागी देठ ओलसरच राहिले. चार दिवसांनी डबा उघडला तर कुबट वास. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे बुरशी आलेलं निवडून बाकीचं वापरणं नको. अख्खा डबा टाकून दिला. दुसऱ्या खेपेला पानं खुडून सुती पंचावर एकेरी पसरली, सावलीत, पंख्याखाली. बोटांत धरल्यावर पानाचा चुरा झाला, तेव्हाच डब्यात भरली. २०० ग्रॅमच्या जुडीतून जेमतेम १५ ग्रॅम हाती लागली.

देते एक दिवसाआड, प्रत्येक सशाला एक चहाचा चमचा, तेही गवतात खोलवर मिसळून. वाटीत दिलं तर चिंगी वाटी उलटवते. गवतात असलं की दोघं नाकाने हुंगत, शोधत राहतात आणि शोधता शोधता गवतही पोटात जातं. मला फायदा यातच जास्त दिसतो. ही पानं म्हणजे औषध नव्हे. पोट चालतं ते गवतावर.

कापूस कॅमोमाइलची पांढरी पाकळी बाजूला सारून आधी मधला पिवळा गोंडा उचलतो. खाताना मिशा थरथरतात. मग पाय पसरून पडतो आणि दातांचा हलका किरकिर आवाज करतो, तो खूश असल्याचा. गोटीला कोथिंबीरच हवी. वाळवल्यावर क जीवनसत्त्व बरंचसं जातं आणि गिनीपिगच्या शरीरात ते तयार होत नाही, म्हणून तिची रोजची ताजी ढोबळी मिरची चालूच आहे.

काल संध्याकाळी खाली सुतळी बॉम्ब फुटला. कापसाने मागचा पाय दोनदा आपटला आणि खोक्यात घुसला. मी खोक्याच्या तोंडाशी ओळखीच्या वासाचं गवत ठेवलं आणि गप्प बसून राहिले. बारा मिनिटांनी नाक बाहेर आलं, मग एक काडी आत ओढली गेली. सकाळी ट्रेमध्ये गोल, सुक्या, नेहमीच्या आकाराच्या लेंड्या होत्या. मला रडूच आलं.

एक कळकळीची विनंती : लॅव्हेंडरचं तेल खोलीत दरवळत ठेवू नका. सशांचं नाक आणि फुप्फुसं फार नाजूक असतात. आणि गाभण मादीला यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

लक्ष्मीपूजनाला अजून तीन दिवस आहेत. आज मागच्या खोलीच्या खिडकीला जाड चादर लावतेय आणि तुळशीचा नवा पसारा पंख्याखाली घातलाय.