पाच टक्क्यांची रेघ

राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठल्याही कृषी विद्यापीठातला प्रबंध उघडा. उत्पादनाच्या तक्त्याखाली दोन ओळी हमखास असतात: ‘एस.ई. ±’ (स्टँडर्ड एरर, सरासरीतल्या चुकीचा अंदाज) आणि ‘सी.डी. ५ टक्के’ (क्रिटिकल डिफरन्स, फरकाची किमान मर्यादा). दोन ट्रीटमेंटमधला (तपासायचे वाण, खताच्या मात्रा वगैरे) फरक सी.डी.पेक्षा जास्त भरला की ‘सिग्निफिकंट’ (दखल घेण्याजोगा), कमी भरला की ‘ॲट पार’ (फरक ठरत नाही). हा ५ आला कुठून, हे मात्र तोंडी परीक्षेत सहसा कोणी विचारत नाही.

तो आला इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातून. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ पासून तिथे कामाला होता. १९२५ च्या पुस्तकात त्याने लिहिले, की प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) १.९६ पट, म्हणजे जवळजवळ दुप्पट, ही मर्यादा धरणे सोयीचे आहे. निव्वळ योगायोगाने तेवढा फरक २० वेळांत एकदा पडतो. सोयीचे, एवढेच. पुढच्या वर्षीच्या लेखात त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. विसात एक पुरेसे वाटत नसेल तर रेघ पन्नासात एक किंवा शंभरात एकवर ओढा. आणि नीट आखलेला प्रयोग पुन:पुन्हा केल्यावर ही पातळी क्वचितच हुकत असेल, तेव्हाच गोष्ट सिद्ध झाली म्हणा. आपण पहिले वाक्य पाठ केले, बाकीचे गाळले.

ही रेघ काय करते ते आकड्यांत पाहू. समजा ७ ट्रीटमेंट, ४ रेप्लिकेशन (प्रत्येक ट्रीटमेंट चारदा), आर.बी.डी. (प्रत्येक गटात सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकून लावायची मांडणी), एकूण २८ प्लॉट. एररचा मीन स्क्वेअर (प्लॉटगणिक योगायोगाच्या चढउताराचे माप) १.४४ आला (उत्पादन क्विंटल प्रति हेक्टर). एस.ई. म्हणजे १.४४ भागिले ४ चे वर्गमूळ, ०.६. एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम (चढउताराच्या अंदाजामागची स्वतंत्र माहिती) ६ × ३ = १८, त्यासाठी ५ टक्क्यांचा तक्त्यातला ‘टी’ २.१०१. सी.डी. = ०.६ × १.४१४ × २.१०१ = १.७८ (१.४१४ म्हणजे २ चे वर्गमूळ, कारण फरक दोन सरासऱ्यांचा).

आता एका जोडीत फरक १.७० क्विंटल आहे, दुसरीत १.८०. पहिली ‘ॲट पार’, दुसरी ‘सरस’. दोघींत अंतर दहा किलोंचे! अंदाजाची कक्षा (फरक उणे-अधिक सी.डी.) मांडली तर पहिलीत खरा फरक उणे ०.०८ ते ३.४८ मध्ये कुठेही असू शकतो, दुसरीत ०.०२ ते ३.५८ मध्ये. माहिती जवळपास तीच, शिफारशी मात्र उलट्या. शिवाय ‘ॲट पार’चा अर्थ सर्रास ‘सारखेच’ असा लावला जातो. साडेतीन क्विंटलपर्यंतचा फरक नाकारता येत नाही, त्याला सारखे म्हणायचे कसे?

दुसरी खोच जोड्यांची. ७ ट्रीटमेंटच्या जोड्या २१ होतात. सातही ट्रीटमेंट खरोखर एकसारख्या असल्या, तरी एखादी तरी जोडी १.७८ ओलांडण्याची शक्यता ५ टक्के नाही, ४० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणूनच एफ टेस्ट (सगळ्या ट्रीटमेंटची एकत्र चाचणी) ‘एन.एस.’, म्हणजे नॉन-सिग्निफिकंट, आली तर सी.डी. द्यायची नाही, हा नियम आहे. पण एक ट्रीटमेंट फारच वाईट (बहुधा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी तशीच ठेवलेली) असली की एफ टेस्ट तिच्या जोरावर पास होते आणि उरलेल्या १५ जोड्या मोकळ्या सुटतात. सगळ्या जोड्या तपासायच्याच असतील तर टुकीची पद्धत घ्या, ती सगळ्या जोड्यांचा एकत्र हिशेब धरते. तिथे मर्यादा ४.६७ (तिच्या तक्त्यातला आकडा) × ०.६, म्हणजे २.८० येते. बरेच ‘सरस’ वाण तिथेच गळतात.

आणखी एक चूक सरसकट दिसते. प्रत्येक प्लॉटमधली ५ झाडे मोजायची आणि ४ रेप्लिकेशनचे २० नमुने धरून टेस्ट लावायची. एकाच प्लॉटमधली झाडे एकाच मातीची, एकाच पाण्याची. ती स्वतंत्र नव्हेत. आधी प्लॉटची सरासरी, मगच विश्लेषण.

मोठा गैरसमज मात्र याहून खोल आहे: पी ०.०५ म्हणजे निष्कर्ष ९५ टक्के खरा. तसे नाही. पी सांगतो ते एवढेच, की काहीच परिणाम नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता. १००० कल्पना तपासल्या, त्यातल्या १०० खऱ्या, प्रयोगाची ताकद (खरा परिणाम पकडण्याची शक्यता) ८० टक्के, तर ८० खऱ्या सापडतात आणि ९०० खोट्यांतल्या ५ टक्के, म्हणजे ४५, निसटून आत येतात. ‘सिग्निफिकंट’ १२५ पैकी ३६ टक्के चूक. ताकद २० टक्के असेल तर २० खऱ्या, ४५ खोट्या. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून २०१५ मध्ये निकाल जाहीर झाले: मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सिग्निफिकंट होते, पुनरावृत्तीत ३६ टक्के. कणभौतिकीवाल्यांची रेघ पाच सिग्माची (प्रमाण विचलनाच्या पाचपट), साधारण ३५ लाखांत एक; २०१२ चा हिग्ज बोसॉन हा कण त्याच रेघेवर जाहीर झाला. म्हणजे विज्ञानाची अशी एक रेघ नाहीच.

वरच्या प्रयोगात खरा फरक बरोबर सी.डी.एवढा असला, तर ४ रेप्लिकेशनमध्ये तो जेमतेम निम्म्या वेळा पकडला जाईल. ८० टक्के खात्री हवी तर सात-आठ लागतात. जागा तेवढी नसेल तर ट्रीटमेंट कमी करा, रेप्लिकेशन नाही. कोणत्या जोड्या तपासणार ते पेरणीआधी नोंदवहीत लिहा. तक्त्यात ‘ॲट पार’च्या जागी फरक आणि त्याची कक्षा द्या: १.७० (−०.०८ ते ३.४८). एक रकाना वाढतो, इतकेच.